चांदा कॉलिंग!

फ्लॅट बदलताना खोक्यात एक जुना पंक अल्बम सापडला. नव्या आवृत्तीतला, प्लास्टिकही न फाडलेला. तो ज्याच्यासाठी घेतला होता तो माणूस राहतो वडश्याला. मग काय, टाकली सुट्टी आणि पकडली गाडी...

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात एकच प्रश्न फिरत असतो, ‘वीकेंडचा काय प्लॅन?’ उत्तरंही ठरलेली असतात. लोणावळा, अलिबाग, फार तर हंपी. गेल्या जानेवारीत मी म्हटलं, ‘वडसा.’

‘वडा?’ पलीकडच्या डेस्कवरून आवाज आला.

‘वडसा. गडचिरोली जिल्हा.’

दोन सेकंद शांतता. मग एकाने विचारलं, ‘सेफ आहे ना रे?’ दुसरी म्हणाली, ‘ताडोबा तिकडेच ना? वाघाचे फोटो टाक हं!’

आपल्या शहरी डोक्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या दोनच फायली असतात. एक वाघाची, एक नक्षलवाद्यांची. मी मूळचा चंद्रपूरचा. निदान मला तरी त्यांना तिसरी फाइल उघडून दाखवता यायला हवी होती. पण त्या दिवशी काही सुचलं नाही. कारण मी फिरायला चाललोच नव्हतो. मी एक सीडी पोचवायला चाललो होतो. वीस वर्षं उशिराने!

खोक्यातली सीडी

झालं असं, की डिसेंबरात फ्लॅट बदलला. सामान बांधताना मेलेले चार्जर, दोन लग्नपत्रिका आणि एका जुन्या कंपनीचं आयकार्ड यांच्याखाली ‘लंडन कॉलिंग’ सापडला. ‘द क्लॅश’ या ब्रिटिश बँडचा अल्बम. पंचविसाव्या वर्षानिमित्त २००४ मध्ये निघालेली आवृत्ती, दोन सीडी आणि एक डीव्हीडी. २००५ मध्ये मी पुण्यात तिच्या दोन प्रती घेतल्या होत्या. एक माझ्यासाठी, एक मामेभावासाठी. माझी ऐकून ऐकून झिजली. त्याची ‘पुढच्या वेळी जाईन तेव्हा देईन’ या यादीत गेली. त्या यादीचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ज्यांना पंक म्हणजे फक्त उभे रंगवलेले केस वाटतात, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७६-७७ चं लंडन. नोकऱ्या नाहीत आणि रॉक संगीत मोठ्या स्टेडियममधल्या मोठ्या लोकांचं होऊन बसलेलं. तेव्हा काही पोरांनी ठरवलं, आपल्याला तीन कॉर्ड येतात ना? मग झालं, बँड काढायचा! वाजवता येणं ही अट नाही, सांगण्यासारखं काही असणं ही अट. हा पंकचा फंडा. क्लॅश त्यातलेच. पण १४ डिसेंबर १९७९ ला ‘लंडन कॉलिंग’ आला तेव्हा ते तीन कॉर्डच्या बरेच पुढे गेले होते. त्यात रेगे आहे, स्का आहे, पन्नाशीच्या दशकातलं रॉकबिली आहे, जॅझ आहे, ट्रम्पेट-सॅक्सोफोन आहेत. एकूण १९ गाणी.

आणि माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे त्याची किंमत. बँडचा हट्ट होता की दोन तबकड्यांचा अल्बम एका तबकडीच्या किमतीतच विकायचा. रेकॉर्ड कंपनी तयार नव्हती. मग यांनी विचारलं, निदान सोबत एक फुकट सिंगल तरी द्याल ना? कंपनी हो म्हणाली. त्या ‘सिंगल’वर पोरांनी नऊ गाणी भरली! आपल्या भाषेत सांगायचं तर एकावर एक फ्री.

शेवटच्या गाण्याची तर वेगळीच गंमत. ‘ट्रेन इन व्हेन’ हे गाणं एका संगीत साप्ताहिकासोबत फुकट वाटायचं ठरलं होतं. ते फिसकटलं आणि गाणं ऐनवेळी अल्बममध्ये टाकलं गेलं. तोवर कव्हर छापून झाली होती. त्यामुळे पहिल्या आवृत्तीच्या यादीत ते गाणं नाहीच.

२००४ च्या आवृत्तीतली दुसरी सीडी म्हणजे ‘व्हॅनिला टेप्स’. अल्बमच्या आधीच्या तालमी. १९७८ मध्ये मॅनेजरशी फाटलेलं, खिशात पैसे नाहीत, नवं गाणं सुचत नाही, अशा अवस्थेत चौघांनी लंडनच्या पिम्लिको भागात एका मोटार गॅरेजमागची खोली भाड्याने घेतली. दुपारी समोरच्या मैदानात फुटबॉल, मग तालीम. त्या तालमींच्या टेप बँडचा एक माणूस भुयारी रेल्वेत विसरला आणि त्या गेल्या म्हणून सगळे गप्प बसले. २००४ मध्ये गिटारिस्ट मिक जोन्स खोकी हलवत होता, तेव्हा त्याला त्यांची कॉपी सापडली.

खोकी हलवताना! म्हणजे तो आणि मी एकाच वर्गातले.

साठ मिनिटांची टीडीके

मामेभाऊ अकरावी-बारावीला आमच्या घरी चंद्रपूरला राहायला होता. बाबा थर्मल पॉवर स्टेशनमध्ये, आमचं क्वार्टर ऊर्जानगरच्या कॉलनीत. १९९६ साल. नागपूरला इंजिनीअरिंगला असलेल्या शेजारच्या दादाने आम्हाला एक कॅसेट भरून दिली. कव्हर नाही, फोटो नाही, फक्त बॉलपेनने लिहिलेलं नाव. वॉकमन एक, इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या.

इंग्रजी निम्मं कळायचं नाही. पण पहिल्या गाण्यात नदीचं पाणी चढतंय, कुठेतरी अणुभट्टीत घोळ झालाय आणि हा माणूस नदीकाठीच राहतोय, एवढं कळलं होतं. (१९७९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीचा अपघात झाला होता, त्याची ती सावली.) आम्हाला ते गाणं लंडनचं वाटलंच नाही. खिडकीतून थर्मलच्या चिमण्या दिसायच्या, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि पावसाळ्यात इरई नदी फुगली की वस्त्यांमध्ये पाणी शिरायचं. आम्ही म्हणायचो, हा बुवा चंद्रपूरला राहून गेलाय!

‘लंडन कॉलिंग’ हे शब्द मूळचे बीबीसीचे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी प्रसारणाची सुरुवात तशी व्हायची. आम्ही गच्चीवर रिकामा तेलाचा डबा तोंडाशी धरून ओरडायचो, ‘चांदा कॉलिंग!’ तो त्याच डब्यावर असा ताल धरायचा की खालच्या काकू वरण ढवळायच्या थांबायच्या. मी उसनी गिटार घेऊन तीन कॉर्ड. बँड काढायचं ठरलं होतं. अगदी शपथ घेऊन.

कॅसेट साठ मिनिटांची होती आणि अल्बम पासष्ट मिनिटांचा. त्यामुळे ‘रिव्होल्यूशन रॉक’ चालू असतानाच खट्ट आवाज करून सगळं थांबायचं. आमच्यासाठी तो अल्बम कायम अर्ध्या गाण्यात संपायचा. त्यापुढे आणखी एक गाणं आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

२००१ मध्ये मी पुण्याला आलो. त्याचं ठरलं होतं, मी स्थिरावलो की तोही येणार. मी स्थिरावलो. त्याला बोलवायचं मात्र राहून गेलं. त्याने वडश्याच्या एका नाटक कंपनीत ऑक्टोपॅड वाजवायला सुरुवात केली. फोनवर मी एकदा म्हणालो होतो, ‘त्या नाच-गाण्यात काय ठेवलंय बे?’ तो हसला होता. मला वाटलं, विषय संपला.

२००९ मध्ये मामा गेले. त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं. तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, रिलीजच्या आठवड्यात माणूस स्वतःच्या लग्नालाही विचारून जातो. मी तेरवीला गेलो नाही. त्यानंतर आमचं बोलणं दिवाळीच्या ‘काय म्हणतोस’पुरतं उरलं.

मामा तलावांच्या देशात

पुण्याहून चंद्रपूर म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर थोडा दिवस. घरी आंघोळ, आईच्या हातचे पोहे आणि जटपुरा गेटजवळ एक चक्कर. गोंड राजांनी बांधलेला परकोट शहराला अजून मिठीत घेऊन उभा आहे, फक्त गेटमधून आता रिक्षा आणि स्कूटर एकाच वेळी घुसतात. आकाशाचा रंग ओळखीचा. थर्मलची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार यादी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं आलं होतं. मेरिट लिस्टमध्ये यायची हौस आम्हाला होती, पण अशी नाही. पुण्यात एसी लावताना ही वीज कुठून येते, हा प्रश्न मला कधी पडत नाही. इथे उतरलं की पहिला तोच पडतो.

चांदा फोर्ट स्टेशनवरून गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर पकडली. फोनवर ‘लंडन कॉलिंग’ लावला. साउंड इतका स्वच्छ की बेसची प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. केळझर, मूल, सिंदेवाही... खिडकीबाहेर साग, बांबू, मोह. मध्येच जंगल बाजूला होतं आणि कापणी झालेल्या धानाच्या बांध्या पसरतात. दर थोड्या वेळाने एक तलाव. हे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळात सिंचनासाठी बांधलेले. सरकारी कागदांतही त्यांचं लाडकं नाव ‘मामा तलाव’. प्रत्येक तलावाला कुणी ना कुणी डब्यात म्हणायचं, ‘मामा तलाव आला.’ त्या प्रवासात हे नाव मला जरा जास्तच वेळा ऐकू आलं.

नागभीड आलं. याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या ‘पटेल ३’ या धानात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या सापडल्या. त्या त्यांनी जपून वेगळ्या लावल्या, दरवर्षी निवडत गेले आणि त्यातून आला ‘एचएमटी’ तांदूळ. नाव दिलं तेव्हाच्या लाडक्या घड्याळावरून. तुम्ही-आम्ही दुकानात ‘एचएमटी आहे का?’ विचारतो, तो हाच. २०१८ मध्ये दादाजी गेले. हयातभर पैसा त्यांच्याकडे फिरकला नाही, तांदूळ मात्र देशभर पोचला. कानात क्लॅश वाजत होते आणि मला वाटलं, अट पदवीची नाही, करण्यासारखं काही असण्याची, हे या माणसाने पिम्लिकोचं नावही न ऐकता सिद्ध केलं होतं.

ब्रह्मपुरीनंतर गाडी वैनगंगेच्या पुलावर चढली. पलीकडे गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झालेला, बहुतांश जंगल असलेला. आणि वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे वर्षानुवर्षं या अख्ख्या जिल्ह्याचं एकमेव रेल्वे स्टेशन.

तो प्लॅटफॉर्मवर उभा होता. केस पांढरे, पोट सुटलेलं. दोघांचंही.

‘आलास का बे,’ एवढंच म्हणाला आणि माझी बॅग उचलली.

घरी मामींनी ताट वाढलं. गरम भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. काही विचारलं नाही. भात पुन्हा वाढताना फक्त म्हणाल्या, ‘सुटी भेटली का बापू यंदा?’

त्या ‘यंदा’वर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. मी भात मागून घेतला.

मंडईची रात्र

वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि झाडांच्या पट्ट्यातलं हे नाटक. दिवाळीच्या सुमारास धान घरात येऊ लागतं, खिशात चार पैसे येतात आणि गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा, पाहुणे, पोरीबाळी माहेरी आणि रात्री नाटक. हे होळीपर्यंत चालतं. वडश्याच्या बाजारात कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत. गावचं मंडळ येतं, तारीख ठरवतं, विसार देतं, तिकिटं लावतं. सरकारी अनुदानाची वाट पाहत कुणी बसत नाही. इथल्याच कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका. आपल्याकडे एखाद्या नाटकाचा शंभरावा प्रयोग झाला की पेपरात फोटो येतो!

संध्याकाळी कंपनीच्या जुन्या सुमोत आम्ही आठ जण कोंबलो. वर पेट्या, मागे ऑर्गन, माझ्या मांडीवर ऑक्टोपॅड. गाव कुरखेड्याच्या रस्त्याला. शेतात बांबू-कापडाचा बंदिस्त मांडव, पुढे खुर्च्या, मागे तणसावर अंथरलेल्या चादरी. बाहेर आलुबोंडे, भजी, चहा, फुगे. थंडी अशी की श्वास दिसत होता. माणसं घोंगड्या, मफलर, झोपलेली पोरं असं सगळं घेऊन येत होती. ट्रॅक्टरने, बाइकवर, पायी. गाव लहानसं, पण मांडवात दोन-तीन हजारांचा जमाव सहज होता. तिकीट? आपल्या दोन कॉफ्यांइतकं.

दहाच्या पुढे पडदा वर गेला. तीन अंक. सावकारी, वाटणी, मुंबईला जाऊन बदललेला थोरला भाऊ (माझ्याकडे कुणी बघत नाहीये ना, याची मी खात्री करून घेतली), सोशिक वहिनी, इरसाल नोकर. मध्ये गाणी, मध्ये लावणी, मध्ये निव्वळ टाइमपास विनोद. शिट्ट्या अशा की आपल्या मल्टिप्लेक्सने लाजावं. कलाकार गाणी स्वतः गात होते आणि वाद्यवृंद स्टेजच्या अंगालाच बसलेला, पूर्ण जागा. खलनायकाने चाबूक उगारला की माझ्या भावाच्या ऑक्टोपॅडमधून सपकन आवाज. वहिनी कोसळली की वीज. नोकर घसरला की ‘टुंईं’. आणि गाणं सुरू झालं की तोच तेलाच्या डब्यावरचा ताल. मी तो कुठेही ओळखला असता.

मी अंधारात बसून मनातल्या मनात हा लेख लिहीत होतो. शीर्षकसुद्धा ठरलं होतं, ‘खरं पंक वडश्याला!’ रांगडं, कच्चं, कुणाच्या बापाला न जुमानणारं. लंडनमधलं बंड आता छान पॅकिंगमध्ये विकलं जातं. २००२ मध्ये ‘लंडन कॉलिंग’ गाणं जॅग्वार गाडीच्या जाहिरातीत वाजलं, २०१९ मध्ये चाळिसाव्या वर्षाची आवृत्ती निघाली आणि अल्बमच्या कव्हरवरची ती फुटकी बेस गिटार म्युझियम ऑफ लंडनमध्ये मांडली गेली. आणि इथे बघा, बंड अजून तणसावर बसून आलुबोंडा खातंय!

फार भारी वाटत होतं. दुसऱ्या अंकानंतर चहा पिताना हे सगळं मी भावाला ऐकवलं.

‘भरून कोन देते?’

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘दाखव तं, काय आणलं ते.’

मी बॅगेतून सीडी काढली. त्याने प्लास्टिक दाताने फाडलं आणि पहिल्यांदाच ते कव्हर पाहिलं. आमच्या कॅसेटला कव्हरच नव्हतं ना. १९७९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये पॉल सिमनन आपली बेस गिटार जमिनीवर आपटतोय, तो पेनी स्मिथने काढलेला फोटो. फोटो थोडा अस्पष्ट आहे म्हणून तिला तो वापरायचाच नव्हता. जगभर रॉकचा सगळ्यात गाजलेला फोटो म्हणून लोक तो भिंतीवर लावतात. माझ्याही भिंतीवर होता.

भावाने चहाच्या टपरीच्या बल्बखाली धरून नीट पाहिला.

‘काहून फोडून राहिला बे हा?’

‘राग आला म्हणून. खुर्च्यांवरून लोकांना उठू देत नव्हते असं म्हणतात.’

‘अन् भरून कोन देते?’

मी हसलो. तो हसला नाही.

‘कोरोनात सीझन बुडाला तवा मी हा पॅड विकाले काढला होता,’ तो म्हणाला. ‘राइस मिलमधी पोती उचलली, पन पॅड ठेवला. फोडाचं सोड, याच्यावर कोनी चहा ठेवला तं मी त्याले उठवतो. अन् तू म्हनतं कच्चं, रांगडं. आमाले कच्चं नाही पाहिजे बापा. आमाले साफ आवाज पाहिजे. शेवटच्या चादरीवरच्या बाईले डायलॉग आयकू आला पाहिजे. ती पैसे देऊन आली. माइक खराब असनं ही काही स्टाइल नोय. तो खराब माइक आहे.’

तिसऱ्या अंकाची घंटा झाली. चहाचे पैसे त्याने दिले आणि गेला.

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या डोक्यातला अख्खा लेख त्या बल्बखाली विझला. आणि मग लक्षात आलं, की तो जे बोलला ते या अल्बमच्या विरुद्ध नव्हतंच. वीस वर्षं मी ‘लंडन कॉलिंग’मधला राग ऐकत आलो, फुटलेली गिटार बघत आलो. पण त्या चौघांनी गॅरेजमागच्या खोलीत महिनोन् महिने केलं काय? तालीम! कच्चं राहायचं नाही म्हणून. तीन कॉर्डवर थांबायचं नाही म्हणून. ट्रम्पेटवाले बोलावले, रेगे शिकले, जॅझ शिकले आणि मग हे सगळं एका तबकडीच्या किमतीत दिलं. बंड गिटार फोडण्यात कमी होतं, त्या किमतीत जास्त होतं. घेणाऱ्याच्या खिशाचा मान राखायचा आणि त्याला भरभरून द्यायचं. तीन अंक, बारा गाणी, लावणी, विनोद, रडारड, सगळं एका तिकिटात. शेवटच्या चादरीपर्यंत.

नवी आवृत्ती वाजवणारा मी होतो. त्या कॅसेटमधलं नेमकं काय घ्यायचं ते मात्र त्याने घेतलं होतं.

शेवटचं गाणं

पडदा पडला तेव्हा पूर्वेला उजाडत होतं. नाटक रात्रभर का चालतं, हे मी विचारलं होतं. भावाचं उत्तर सरळ होतं, ‘रात्री दोनले सोडलं तं लोकं जातीन कसे? वाट जंगलाची, वाघ आहे.’ ब्रह्मपुरीकडच्या जंगलांत वाघ आणि माणूस किती जवळ आलेत, हे इथे बातमीत वाचावं लागत नाही. म्हणून नाटक सुटतं ते उजेडात. माणसं चादरी झटकून, पोरं खांद्यावर टाकून, घोळक्याने निघाली होती. मेकअप पुसलेली वहिनी खलनायकाकडे बिस्किट मागत होती.

परतीच्या सुमोत बाकीचे एकमेकांच्या खांद्यावर झोपले. भाऊ पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला, मी मधल्या सीटवर. गाडीत जुना सीडी प्लेअर होता. त्याने चुकून आधी दुसरी सीडी टाकली, ‘व्हॅनिला टेप्स’वाली. खरखरीत आवाज. कुणी मध्येच थांबतंय, कुणी मोजतंय, गाण्याला अजून शब्दच नाहीत. मला वाटलं बदलेल. तो कान देऊन ऐकत राहिला. दोन गाणी झाल्यावर म्हणाला, ‘तालीम आहे ना ही? तबलजी लवकर येऊन राहिला.’ जरा वेळाने पुन्हा, ‘आता पकडलं.’

टॉपर हेडनला तबलजी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आवडलं.

मग पहिली सीडी लावली. थेट शेवटाकडची गाणी. धुकं बांध्यांवर उतरलं होतं, रस्त्याच्या कडेला मोहाची झाडं एकामागून एक मागे पडत होती. ‘रिव्होल्यूशन रॉक’ सुरू झालं. आमची कॅसेट जिथे संपायची ती जागा दोघांनाही पाठ होती. ती आली. त्याचा हात आपोआप वर झाला, ‘खट्ट’ म्हणायला. पण गाणं पुढे चालू राहिलं. तो माझ्याकडे मागे वळून बघायला लागला.

‘अजून आहे,’ मी म्हटलं. ‘एक अख्खं गाणं आहे.’

‘ट्रेन इन व्हेन’ लागलं. नावात ट्रेन असली तरी गाण्यात आगगाडी नाही. साधं, ठेक्याचं, जवळपास नाचता येईल असं.

‘काय म्हनते हा?’ त्याने विचारलं.

‘कुणीतरी म्हणालं होतं, मी तुझ्यासोबत उभा राहीन म्हणून. नाही राहिलं. तेच विचारतोय, कुठे होतास.’

तो पुढे रस्त्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, ‘मामांच्या तेरवीला मी यायला पाहिजे होतं.’

बराच वेळ तो काही बोलला नाही. बोटं मात्र डॅशबोर्डवर ठेका धरून होती. गाणं संपलं.

‘पुन्हा लाव,’ तो म्हणाला.

जायचं असेल तर...

कधी: झाडीपट्टी नाटकांचा सीझन दिवाळीनंतर होळीपर्यंत. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

कसं: वडसा (देसाईगंज) स्टेशन गोंदिया-बल्लारशाह मार्गावर आहे. चंद्रपूरहून चांदा फोर्ट स्टेशन गाठा. नागपूरहून रस्त्याने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी मार्गे जाता येतं.

नाटक कुठे: वडश्याच्या बाजारात कंपन्यांची ऑफिसं आहेत. आज कुठल्या गावात प्रयोग आहे ते तिथेच कळतं. तिकीट काढूनच बसा, पाहुणा म्हणून फुकट नको.

सोबत काय: स्वेटर, मफलर, चादर आणि पूर्ण रात्र. रात्री जंगलाच्या रस्त्याने एकट्याने परतू नका. नाटक संपेपर्यंत थांबा, गावही थांबतं.

आणि एक: तिकडे कुणाला काही द्यायचं राहिलं असेल, तर ते आधी बॅगेत टाका.